खाणीतलं जुनं बॅटरी इंजिन नॅरोगेजच्या रुळावर आणताना

मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला जातो, दुसरा यवतमाळला. पुलगावहून तिसरा आर्वीला. तिन्ही अडीच फुटी गेजचे, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेले, वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत पोचवण्यासाठी टाकलेले. त्यांवर धावणाऱ्या 'शकुंतला' गाडीचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढलं गेलं, डिझेल आलं, आणि पुढे गाडीच थांबली. ते रूळ आमचे नव्हेत. त्यांना हात लावण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही काही जणांनी एका बंद जिनिंगच्या आवारात आणि शेजारच्या पडीक शेतात ७६२ गेजचा दोन किलोमीटर रूळ टाकला, तीन उघडे डबे बांधले, आणि मग प्रश्न आला इंजिनाचा.

वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे तपासणी, परवाना आणि जाणता फायरमन; तिन्ही आमच्याकडे नव्हते. डिझेलचा धूर उघड्या डब्यांत बसलेल्या पोरांच्या नाकात गेला असता. खाणीत आणि बोगद्यांत चालणारी छोटी बॅटरी इंजिनं मात्र काम संपलं की भंगाराच्या भावात निघतात. अशी दोन घेऊन त्यातून एक उभं करायला आम्हाला अडीच वर्षं लागली. त्यातली बरीच चुकीचा क्रम धरल्यामुळे गेली: आम्ही आधी इंजिन पळवलं आणि नंतर ब्रेककडे वळलो. खाली लिहिलेला क्रम आज पुन्हा सुरुवात केली तर धरू तो आहे.

इंजिन बघायच्या आधी रूळ मोजा

वहीत चार आकडे हवेत: सगळ्यात तीव्र चढ, सगळ्यात अरुंद वळणाची त्रिज्या, रुळाचं मीटरमागे वजन, आणि माणसं भरलेल्या गाडीचं एकूण वजन. चढ मोजायला यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि दहा मीटर अंतरावर पातळीतला फरक बघा. साडेबारा सेंटिमीटर आला तर चढ ८० ला १. आमच्या रुळाचा नाल्याकडचा तुकडा नेमका एवढाच आहे.

आता गणित. पाच टनांचं इंजिन आणि भरलेले पाच-पाच टनांचे तीन डबे, मिळून २० टन. सपाटीवर अशी गाडी हलती ठेवायला टनामागे साधारण १० किलोची ओढ लागते. रूळ आमच्यासारखा हाताने टाकलेला असेल तर त्याहून कमी धरू नका. ८० ला १ चढावर त्यात टनामागे साडेबारा किलो वाढतात. साडेबावीस गुणिले २० म्हणजे ४५० किलो. चढावरच थांबून पुन्हा निघायचं असेल तर वेग घ्यायला आणखी दोनशेक किलो लागतात. झाले ६५०.

इंजिनाची मोटर कितीही दणकट असली तरी चाक रुळाला जेवढं धरेल तेवढीच ओढ मिळते. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या पाव पट धरतात, ओल्या रुळावर ०.१५ पट. पाच टनांना ओल्यात ७५० किलो. आमचं जेमतेम भागतं, म्हणून आमच्यासाठी पाच टन ही खालची मर्यादा ठरली. विकणारा 'पाच टनी' म्हणतो ते बॅटरीसकट की बॅटरीविना, हे विचारून वजनकाट्यावर खात्री करा. ताकदीचं म्हणाल तर ४५० किलोची ओढ ताशी १० किलोमीटरला म्हणजे सुमारे १२ किलोवॅट. साडेसात किलोवॅटच्या दोन मोटरी पुरतात.

बॅटरी किती लागेल तेही आत्ताच काढा. सपाटीवर २० टन दोन किलोमीटर न्यायला चाकापाशी सुमारे १.१ युनिट वीज लागते. मोटर, गिअर, कंट्रोलरमधली गळती धरून बॅटरीतून १.७ युनिट. जाऊन-येऊन एक फेरी ३.४ युनिटची. ९६ व्होल्ट, ४०० अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर ३८.४ युनिट देते, पण शिसे-आम्लाची बॅटरी ८० टक्क्यांपलीकडे उपसायची नसते. राहिले ३०.७, म्हणजे नऊ फेऱ्या. तीच बॅटरी वापरून ७० टक्क्यांवर आलेली असेल तर सहाच. रविवारी आठ फेऱ्या जाहीर करून सातव्या फेरीला नाल्याच्या चढावर अडकायचं नसेल तर हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा.

काय घ्यायचं, कुठून घ्यायचं

विदर्भात खाणींची कमी नाही. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या बाजूला कोळसा, नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज. सरकारी कंपन्यांचं जुनं सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतं, आणि बोली लागली की माल 'जिथे आहे, जसा आहे' तसा तुमचा. मेट्रोचे आणि पाण्याचे बोगदे खणणारे ठेकेदारही काम संपल्यावर इंजिनं काढतात. ती सहसा मोठी आणि बहुतेक ९०० गेजची असतात. खाणीतली बरीचशी ६०० किंवा ६१० ची.

एकाच बनावटीची दोन घ्या. ही चैन वाटते, पण गिअर, ब्रशहोल्डर, काँटॅक्टरचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) टिप्स पुन्हा कुठेच मिळत नाहीत. दुसरं इंजिन हेच तुमचं सुट्या भागांचं दुकान.

बघायला जाताना टॉर्च, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र), फूटपट्टी आणि जुने कपडे न्या. चेसिसला भेगा आहेत का ते ॲक्सलबॉक्सच्या कोपऱ्यांत आणि कपलिंगच्या पाठीमागे बघा, धूळ खरवडून. चाकाची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, बोटाने चाचपा; धार लागली असेल तर ते चाक वळणावर रुळावर चढेल. गिअरबॉक्सचा तळाचा बोल्ट सैल करून थोडं तेल बाहेर येऊ द्या. दुधाळ आलं तर आत पाणी आहे, चकचकीत कण आले तर दात झिजलेत. मोटरचं झाकण काढून कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, बघा. चॉकलेटी, गुळगुळीत चकाकी असेल तर ती मोटर शहाण्या हातात होती. काळे जळके पट्टे आणि खळगे दिसले तर किंमत पाडून मागा.

आणि बॅटरीची किंमत शून्य धरा. आमच्या विक्रेत्याने 'वर्षभर वापरलेली' म्हणून सांगितलेल्या ४८ सेलमध्ये घरी येऊन तारखा पाहिल्या तर चार वेगवेगळ्या वयाचे सेल निघाले. सगळ्यात दुबळा सेल साऱ्या माळेला मागे ओढतो. तुम्ही विकत घेताय ती चेसिस, चाकं, गिअर आणि मोटर. बाकी सगळं नवं येणार असं समजून पैसे बाजूला ठेवा.

गेज बदलणं

रूळ अजून टाकला नसेल आणि इंजिन ६१० चं मिळालं असेल, तर रूळच ६१० चा टाका. माथेरानची गाडी ६१० वरच चालते, त्यात कमीपणा काही नाही. आम्हाला मात्र शकुंतलेचंच गेज हवं होतं, आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

आधी चेसिसच्या पट्ट्या चाकांच्या आत आहेत की बाहेर ते बघा. आत असतील तर गेज वाढवायला चाकं बाहेर सरकवावी लागतात, म्हणजे लांब ॲक्सल लागतात. पट्ट्या बाहेर असतील तर चाकं दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतच मावली पाहिजेत. ७६२ साठी ही मोकळी जागा साधारण ९५० मिलिमीटर लागते, चाकाची रुंदी आणि दोन्ही बाजूंची मोकळीक धरून. ९०० चं इंजिन ७६२ वर आणणं कागदावर सोपं वाटतं, पण त्यात दोन चाकांच्या मधे मोटर आणि गिअरबॉक्स बसलेला असतो, आणि चाकं आत सरकवली की ती गिअरबॉक्सला घासतात. ही एक फूटपट्टीची तपासणी लिलावाआधी करा.

आमच्या इंजिनाच्या पट्ट्या आत होत्या. जुनं ॲक्सल मधे कापून तुकडा जोडायचा विचार एकाने मांडला. लेथवाल्या काकांनी ॲक्सल हातात फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, हे जोडाचं काम नोय. माणसं बसनार हायेत यात. नवंच करा लागते." त्यांचं ऐकलं. ॲक्सलला वेल्डिंग करू नका, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. नवं ॲक्सल ओळखीच्या प्रतीच्या घडीव पोलादाचं, कारखान्याच्या चाचणी-पत्रासकट घ्या, खांद्यांना गोलाई ठेवा, आणि चाक दाबून बसवताना बैठकीच्या दर १०० मिलिमीटर व्यासाला साधारण ०.१ मिलिमीटर घट्टपणा द्या. हायड्रॉलिक प्रेसवर किती टनाला चाक सरकतंय ते लिहून घ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाब सारखा चढत गेला पाहिजे. मधेच ढिला पडला तर चाक काढून पुन्हा.

दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मात्र पुस्तकातून घेऊ नका. तुमच्याच डब्यांच्या चाकांवर आणि रूळ दुभंगतो त्या तुमच्या सांध्यांवर मोजा. खाणीतल्या चाकाची फ्लँज जाड आणि खोल असते. आमची सांध्याच्या नाकावर आपटत होती, म्हणून चाकं लेथवर डब्यांच्या चाकांसारखी उतरवून घेतली.

एक गोष्ट आपल्या मातीची. काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि रूळ पिळवटतो. खाणीतल्या इंजिनाला स्प्रिंग नसते किंवा नावापुरती असते. पिळलेल्या रुळावर चार चाकांतलं एक हलकं पडतं आणि तिथेच इंजिन उतरतं. चेसिस चार जॅकवर तोलून प्रत्येक चाकावर किती भार येतो ते काढा, बॅटरी बसवल्यावर पुन्हा काढा, आणि ॲक्सलबॉक्सवर रबरी पॅड किंवा स्प्रिंग द्या. रुळाखाली मुरूम आणि वर गिट्टी नीट नसेल तर इंजिनाचं काम थांबवून आधी ते करा.

मोटर

आमच्या दोन्ही मोटरींत ओल होती. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध ०.०५ मेगओहम निघाला. एक मेगओहमच्या खाली वीज द्यायचीच नाही. मोटर पत्र्याच्या पेटीत ठेवून आत २०० वॉटचे चार बल्ब लावले, वर वाफ निघायला फट ठेवली, तापमान ८० अंशांच्या आसपास ठेवलं. पहिल्या दिवशी रोध आणखी खाली जातो, घाबरू नका. ओल बाहेर निघताना तसंच होतं. तिसऱ्या दिवशी एक मोटर सहा मेगओहमवर आली. दुसरी आली नाही, ती रिवाइंडिंगला दिली.

कम्युटेटर काच-कागदाने घासा. एमरी वापरू नका, तिचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असावा. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घासून बारीक केला की हे काम घरी होतं, पण एका मोटरला एक अख्खा दिवस द्या. नवे कार्बन ब्रश बसवताना काच-कागद कम्युटेटरभोवती गुंडाळून त्यांना तिथेच गोलाई द्या.

ही सिरीज मोटर असते. हिला भाराविना पूर्ण व्होल्टेज दिलं तर वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटतं. टेबलावर तपासायची असेल तर १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर तपासा.

कंट्रोलर आणि संरक्षण

जुन्या ड्रम कंट्रोलरमध्ये रेझिस्टन्सच्या पट्ट्या तापून वीज वाया जाते आणि गाडी हिसके देत निघते. नवा इलेक्ट्रॉनिक चॉपर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग राखणारा कंट्रोलर) घ्या, सिरीज मोटरसाठी बनवलेला आणि तुमच्या व्होल्टेजचा. फोर्कलिफ्टचे वापरलेले चॉपर बाजारात मिळतात, पण त्यातले बरेच ४८ किंवा ८० व्होल्टचे. ९६ वर लावले तर पहिल्याच दिवशी जातील.

चॉपर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा बंद पडत नाही, शॉर्ट होतो. म्हणजे हँडल शून्यावर असताना मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि गाडी पळत सुटते. म्हणून त्याच्या मालिकेत काँटॅक्टर हवाच, आणि तो ड्रायव्हरच्या लाल बटणावर, डेडमन हँडलवर (ड्रायव्हरचा हात सुटला की वीज तोडणाऱ्या) आणि ब्रेकच्या हवेच्या दाबावर, तिन्हींवर तुटला पाहिजे. हे काँटॅक्टर, ब्रेकर आणि फ्यूज डीसीसाठीच बनवलेले घ्या. घरातला एसी एमसीबी ९६ व्होल्ट डीसीची ठिणगी विझवू शकत नाही. ती आत जळत राहते.

बॅटरीचं एकही टोक चेसिसला जोडू नका. दोन्ही टोकांना फ्यूज द्या, आणि दोन्ही टोकांपासून चेसिसला एकेक छोटा दिवा जोडून मधे दाबबटण ठेवा. बटण दाबल्यावर दोन्ही सारखे मंद पेटले तर ठीक; एक विझला आणि दुसरा लख्ख पेटला तर कुठेतरी वायर चेसिसला लागलीय. सकाळी गाडी काढण्याआधी हे बघायला पाच सेकंद लागतात. ९६ व्होल्ट डीसी हाताला झटका देऊ शकतं आणि पाना पडला तर तो वितळतो. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्यांच्या दांड्यांना टेप गुंडाळा.

बॅटरी

लिथियम की शिसे? लिथियम-आयर्न-फॉस्फेट हलकी, पाणी घालायला नको, आयुष्य जास्त. पण ३८ युनिटची शिशाची बॅटरी दीड टनाच्या आसपास भरते आणि लिथियमची ४०० किलोच्या. पाच टनांच्या इंजिनातून एक टन उतरला की ओल्या रुळावरची दीडशे किलो ओढ गेली. मग तो टन परत घालावा लागतो. १५ किलोच्या रुळाचे तुकडे रचायचे म्हटले तर ६७ मीटर रूळ. आम्ही शिशाच्या ट्यूब्युलर सेलवर राहिलो. एक सेल मेला तर तालुक्याचा बॅटरीवाला तो बदलून देतो.

जुनी बॅटरी वापरायचीच असेल तर तिची खरी क्षमता काढा. ४०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण चार्ज करून ८० अँपिअरने पाच तास उपसायची, आणि कुठलाही सेल १.७ व्होल्टच्या खाली जाताच थांबायचं. एवढा भार गावात कुठून आणायचा? गिझरची २३० व्होल्टची तीन किलोवॅटची कॉइल ९६ व्होल्टवर साडेपाच अँपिअरच घेते. अशा १५ कॉइल समांतर जोडून पाण्याच्या टाकीत बुडवल्या की ८० अँपिअर झाले. टाकीत पाणी चालू ठेवा, दोन तासांत उकळायला लागतं. काही जण मिठाच्या पाण्यात दोन पत्रे बुडवून भार करतात. डीसीवर मिठातून क्लोरीन वायू निघतो. ते करू नका. दर अर्ध्या तासाला ४८ ही सेलचं व्होल्टेज वहीत लिहा. सगळे सेल हळूहळू एकत्र उतरतात, आणि मग एखादा अचानक कोसळतो. तो सेल खडूने खूण करून बाजूला काढा.

चार्जिंग हा आपल्या हवामानातला खरा प्रश्न. सुरुवातीला ६५ ते ८० अँपिअर, सेलमागे २.४ व्होल्ट झाले, म्हणजे एकूण ११५, की २० अँपिअरवर उतरायचं. पुढे सेल उकळल्यासारखे बुडबुडे सोडतात आणि हायड्रोजन निघतो: २० अँपिअरला ४८ सेलमधून तासाला सुमारे ४०० लिटर. हवेत चार टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. दहा बाय दहाची बंद खोली तीन तासांच्या आत त्या टप्प्याला पोचते. म्हणून आमचं चार्जिंग उघड्या शेडमध्ये होतं, बॅटरीपेटीचं झाकण काढून, छताला वरून फट ठेवून. हायड्रोजन हलका असतो, वर जातो. खालच्या खिडकीचा उपयोग नाही. तिथे विडी नाही, ग्राइंडर नाही, मोबाइलवर बोलत उभं राहणं नाही.

मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उभ्या बॅटरीतलं आम्लही चाळिशी ओलांडतं. चार्जिंगमध्ये त्यात आणखी दहा अंश पडतात. बॅटरीच्या आयुष्याचा ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं. नवतपात आम्ही रात्री अकरानंतरच चार्जर लावतो, आम्लाचं तापमान ४५ ला पोचलं तर बंद करतो, आणि इंजिनाच्या बॅटरीवर दुहेरी पत्रा घातलाय, मधे हाताएवढी मोकळी हवा. आम्लाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर वाचतानाही उष्णता ध्यानात घ्या: आकडा २७ अंशांचा धरतात, वर दर दहा अंशांना ०.००७ मिळवायचे. ४२ अंशांवर १.२७० दिसलं तर ते खरं १.२८०, म्हणजे बॅटरी भरलेली. हे न कळल्यामुळे आम्ही पहिल्या उन्हाळ्यात ती रोज दोन तास जास्त उकळवली. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, आधी नाही, आणि डिस्टिल्डच. विहिरीचं गोड पाणी पिण्यासाठी आहे.

चार्जर शेतीपंपाच्या फीडरवर लावू नका. तिथे थ्री-फेज दिवसातून आठेक तास मिळते, तीही कधी दिवसा, कधी रात्री, आणि अर्धवट चार्ज होऊन पडून राहिलेली बॅटरी सल्फेट धरते. महावितरणकडून वेगळी थ्री-फेज जोडणी घ्या आणि चार्जरला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा, म्हणजे एक फेज गेला की तो बंद होतो. पंपाच्या स्टार्टरवाल्याला तो ठाऊक असतो.

ब्रेक

खाणीतल्या इंजिनाला बहुधा हाताने फिरवायचा स्क्रू-ब्रेक असतो आणि मागच्या डबक्यांना काहीच नसतं. माणसांच्या गाडीला हे चालत नाही. पुन्हा गणित: २० टन, ताशी १२ किलोमीटर, ८० ला १ उतार. उतारच गाडीला २५० किलोने पुढे ढकलतो. रुळावर ओला पाला असेल तर पकड वजनाच्या दहाव्या हिश्शावर येते, म्हणजे पाच टनी इंजिन फार तर ५०० किलोने धरेल. हाती राहिले २५०, आणि गाडी थांबायला ४५ मीटर. आमच्या उताराच्या टोकाला नाल्याचा पूल ३० मीटरवर आहे.

पहिल्या पावसाळ्यात हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. रिकामे डबे घेऊन उतरत होतो, स्क्रू आवळला, चाकं लॉक झाली आणि इंजिन साबणावरून सरकावं तसं सरकत गेलं. पुलाच्या अलीकडे थांबलं, पण तोपर्यंत ब्रेकवर बसलेल्या मुलाचा हात ब्रेकच्या चाकावरून सुटत नव्हता. त्या दिवसापासून तीन महिने गाडी बंद ठेवली.

आम्ही डब्यांना ट्रकचे स्प्रिंग ब्रेक चेंबर लावले. यात ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. डब्यांमधली नळी तुटली, कपलिंग सुटलं, कॉम्प्रेसर बंद पडला, काहीही झालं तरी हवा जाते आणि ब्रेक लागतो. तालुक्याच्या कुठल्याही ट्रक गॅरेजात चेंबर आणि नळ्या मिळतात. एक सूचना जिवाची: स्प्रिंग चेंबर कधीही उघडू नका. आत आवळलेली स्प्रिंग झाकण फेकते आणि माणूस मारते. बदलायचा असेल तर स्प्रिंग जखडून ठेवणारा केजिंग बोल्ट आवळून अख्खा बदला, जुन्याला हात लावू नका.

लिव्हरचं प्रमाण असं ठेवा की चाकांवरचा ब्रेकब्लॉकचा एकूण दाब रिकाम्या डब्याच्या वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास येईल. त्याहून जास्त दिला तर रिकाम्या डब्याचं चाक लॉक होऊन घसरतं, आणि घसरतं चाक फिरत्या चाकापेक्षा कमी धरतं. आमचा रिकामा डबा ३.४ टनांचा, तिन्ही डब्यांचे ओतीव लोखंडी ब्लॉक मिळून बाराशे किलोच्या जवळपास ओढ धरतात. आता त्याच उतारावर गाडी २२ मीटरमध्ये थांबते, हवा सुटायला आणि ड्रायव्हरचा हात हलायला लागणारा वेळ धरून.

कॉम्प्रेसरला टाकी मोठी घ्या. बॅटरी संपत आली तरी स्टेशनापर्यंत पुरेल एवढी. दाब ठरावीक आकड्याखाली गेला की मोटरचा काँटॅक्टर तुटलाच पाहिजे, नाहीतर अर्धवट लागलेल्या ब्रेकवर गाडी ओढली जाते आणि ब्लॉक लाल होतात. हातब्रेक काढू नका, रात्री उभं करायला तोच कामाचा. शेवटच्या डब्यात गार्डच्या हातात हवा सोडणारा वाल्व्ह द्या. कपलिंग खाणीतलं लिंक-पिनचं चालेल, पण त्याची उंची डब्यांशी जुळवा आणि दोन्ही बाजूंना सुरक्षा-साखळ्या लावा.

चाचण्या आणि कागद

आधी एकटं इंजिन, चालण्याच्या वेगाने, सोबत एक माणूस पायी. मग रिकामे डबे. मग पोती: ७२ प्रवासी, सरासरी ६५ किलो, म्हणजे ५० किलोची वाळूची ९४ पोती. बाकांवर ठेवा, जमिनीवर नाही. माणसाचं वजन उंचावर असतं आणि वळणावर ते जाणवतं. साबणाचं पाणी रुळावर शिंपडून उतारावर ब्रेक लावा. मग डब्यांमधली हवेची नळी मुद्दाम काढा. गाडी थांबली नाही तर प्रवाशांचा विषय पुढच्या वर्षावर. हे सगळं संध्याकाळीही करा, कारण खाणीतल्या इंजिनात ड्रायव्हर खाली, बॅटरीच्या आड बसतो आणि त्याला समोरचं पोर दिसत नाही. आम्ही सीट पाऊण फूट उचलली आणि वळणांवर दोन माणसं उभी करतो.

कायद्याबद्दल: १९८९ च्या रेल्वे कायद्यात 'रेल्वे'ची व्याख्या देताना प्रदर्शनाच्या, जत्रेच्या, बागेच्या जागेत निव्वळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ वगळले आहेत. पण म्हणून जबाबदारी वगळली जात नाही. स्थानिक परवानगी, विद्युत निरीक्षकाकडची तपासणी आणि प्रवाशांचा विमा या तिन्हींशिवाय कुणालाही गाडीत घेऊ नका, फुकट बसवायचं असलं तरी. मेलेले सेल भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच गेले पाहिजेत. शिशाचं पाणी कुठल्या विहिरीत उतरेल सांगता येत नाही.

रंगरूपाबद्दल बऱ्याच सूचना आल्या. कुणी खोटं धुराडं लावा म्हणालं, कुणी बॉयलरचा पत्रा. मला ते पटलं नाही. खाणीच्या अंधारात राबलेलं इंजिन आहे, त्याची ठोकळ्यासारखी पेटी हाच त्याचा इतिहास, आणि पोरांना तो सांगितला की ती कान देऊन ऐकतात. खरं वाफेचं नॅरोगेज बघायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे. आम्ही दर सहलीला शिक्षकांना तिथला पत्ता देतो.

पावसाळ्यात आम्ही गाडी चालवत नाही. जूनमध्ये पहिला वळीव पडला की बॅटरी पूर्ण भरून घेतो, मोटरच्या झाकणांच्या फटी ग्रीसच्या कागदाने बुजवतो, मोटरशेजारी ४० वॉटचा एक बल्ब पेटता ठेवतो म्हणजे ओल धरत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी बॅटरीला ताजा चार्ज देतो. चाकांखाली लाकडी ठोकळे असतात, हातब्रेक आवळलेला असतो. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात रूळ पुन्हा मोजतो, पाण्याची तीच नळी घेऊन, आणि जिथे काळी माती फुगलीय तिथे गिट्टी ठोकतो. मगच ठोकळे निघतात.